नाळेतली शीर, पायातली शीर की कारखान्यातली नळी? रक्तवाहिनीच्या ग्राफ्टवर काम करू पाहणाऱ्यांसाठी

दरवर्षी जुलैत, शेवटच्या वर्षाचे प्रकल्प ठरायच्या दिवसांत, कुणी ना कुणी माझ्याकडे ग्राफ्टचा, म्हणजे बंद पडलेल्या रक्तवाहिनीच्या जागी जोडायच्या नळीचा, विषय घेऊन येतं. यंदा आलेल्या मुलीची मावशी एका ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात परिचारिका आहे. मुलगी म्हणाली, "सर, नाळा मिळतील. पण त्यावर काम करण्यात अर्थ आहे का? की पायातली शीर बघू? की सरळ बाजारातली पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनची, नळी आणून तपासू?" तासभर बोललो, तरी उत्तर अर्धवट राहिलं. म्हणून आता सविस्तर लिहितो आहे. तिच्यासारखे आणखीही काहीजण याच पेचात असतील.

मी रत्नागिरी जिल्ह्यात एका महाविद्यालयात मेकॅनिकल शिकवतो. या विषयाकडे मी वळलो तो माझ्या मोठ्या काकांमुळे. गुहागरच्या बाजूला त्यांचं नारळ-पोफळीचं आगर होतं. मधुमेह जुना, जोडीला तंबाखू. पन्नाशीत हृदयाची बायपास झाली तेव्हा दोन्ही पायांतल्या शिरा काढून हृदयाला लावल्या. दहा वर्षांनी उजव्या पायाचा अंगठा काळा पडला, त्या वेळी पायासाठी वापरायला शीरच उरली नव्हती. मांडीपासून गुडघ्याखालपर्यंत कृत्रिम नळी टाकली. चौदा महिन्यांत ती बंद पडली आणि पाय गुडघ्याखालून काढावा लागला. डॉक्टरांनी मला नंतर समजावून सांगितलं, "नळीला काही झालेलं नाही, जोड बंद झालाय." खालच्या जोडापाशी आतून जाड थर चढत गेला होता. मेकॅनिकलच्या माणसाला या वाक्याने झोप लागू दिली नाही. नळी शाबूत आहे आणि जोड निकामी, असं आपण आगरात कितीतरी वेळा पाहतो.

पंपाच्या तोंडाला रबरी पाइप आणि पुढे काळा एचडीपीई पाइप, हे आपल्याकडचं नेहमीचं दृश्य. पंप सुरू झाला की रबरी पाइप फुगतो, थरथरतो. काळा पाइप जागचा हलत नाही. काही महिन्यांनी रबर चिरतं ते नेमकं क्लॅम्पच्या कडेला. मऊ आणि ताठ यांची गाठ जिथे पडते तिथे सगळा त्रास गोळा होतो. शरीरात तर हा पंप मिनिटाला सत्तर वेळा दाब देतो, दिवसाला लाखभर, वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त वेळा. धमनी प्रत्येक ठोक्याला किंचित फुगते आणि परत येते. तिला जोडलेली नळी तितकी फुगली नाही तर जोडापाशी ताण एकवटतो, प्रवाहाची लय बिघडते, आणि भिंतीतल्या पेशी वाढू लागून आतली पोकळी अरुंद करतात. जोड बंद होण्यामागे टाक्यांची इजा आणि प्रवाहातले भोवरे हीसुद्धा कारणं असतात, पण लवचिकतेची ही विजोड जोडी त्यातलं मोठं कारण मानलं जातं.

म्हणून माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगतो. ग्राफ्टची तुलना करताना बहुतेक विद्यार्थी सर्वात आधी नळी किती दाबाला फुटते ते बघतात. तो आकडा शेवटी बघा. आधी बघा नळी धमनीबरोबर किती हलते, आणि मग बघा ती पाच-दहा वर्षांनी कशी राहते.

हलण्याचे आकडे 1980 साली वॉल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले होते, ते आजही दाखले म्हणून दिले जातात. दाब 100 मिमी पाऱ्याने वाढला तर नळीचा व्यास किती टक्के वाढतो, हे त्यात आहे. तिसरा रकाना मी स्वतः मांडला आहे: 6 मिमी व्यासाची नळी आणि वरचा-खालचा दाब यांत 40 मिमीचा फरक धरला तर प्रत्येक ठोक्याला व्यासात किती मिमी फरक पडेल.

| नळी | टक्के, 100 मिमी पाऱ्याला | प्रत्येक ठोक्याला, मिमी |
|---|---|---|
| रुग्णाची स्वतःची धमनी | 5.9 | 0.14 |
| पायातली सॅफेनस शीर | 4.4 | 0.11 |
| नाळेतली शीर (कमावलेली) | 3.7 | 0.09 |
| डेक्रॉन (पॉलिएस्टरची कृत्रिम नळी) | 1.9 | 0.05 |
| ईपीटीएफई (ताणून सच्छिद्र केलेलं पीटीएफई) | 1.6 | 0.04 |

0.14 आणि 0.04 मधला फरक आपल्या केसाच्या जाडीएवढा. तोच वर्षाला साडेतीन कोटी वेळा टाक्यांच्या रांगेवर पडतो. काकांच्या पायात हेच चालू होतं, असं मी खात्रीने म्हणू शकत नाही. त्यांच्या रक्तवाहिन्या मधुमेहाने आधीच खराब होत्या. पण हा तक्ता पहिल्यांदा पाहिला त्या रात्री मी त्यांचाच विचार करत होतो.

या तक्त्यात नाळेतली शीर पायातल्या शिरेच्या अगदी पाठोपाठ आहे, आणि कारखान्यातल्या दोन्ही नळ्यांच्या बऱ्याच पुढे. तीही कमावलेली असून. "कमावलेली" हा शब्द चामड्याच्या धंद्यातला आहे आणि इथे तो तंतोतंत लागू पडतो. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या डार्डिक बंधूंनी नाळेतली शीर ग्लुटराल्डिहाइडमध्ये कमावली. कातडं कमावताना कोलॅजेनचे, म्हणजे ऊतीला बळ देणाऱ्या प्रथिनाचे, धागे एकमेकांना बांधले जातात आणि ते कुजायचं थांबतं, तसंच इथेही. शिवाय दुसऱ्याची ऊती म्हणून रुग्णाचं शरीर जी प्रतिक्रिया देतं तीही कमी होते. या शिरेवर बाहेरून पॉलिएस्टरची जाळी चढवली, म्हणजे फुगायला आवर बसेल. असे ग्राफ्ट हजारो रुग्णांच्या पायांत बसवले गेले.

पुढे काय झालं ते अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या एका मोठ्या अभ्यासातून कळतं. 1983 ते 1988 या काळात 20 रुग्णालयांतल्या 752 रुग्णांना गुडघ्याच्या वर बायपास करताना पायातली शीर, नाळेतली शीर किंवा पीटीएफई यांपैकी एक नळी दिली, आणि निष्कर्ष 2000 साली छापून आले. दोन वर्षांनी चालू राहिलेले ग्राफ्ट अनुक्रमे 81, 70 आणि 69 टक्के होते. सांख्यिकीच्या दृष्टीने फारसा फरक नाही. पाच वर्षांनी मात्र 73, 53 आणि 39. यातलं चालू ठेवणं म्हणजे गरज पडली तेव्हा छोटी दुरुस्ती करून चालू ठेवणं, हेही लक्षात ठेवा. आणि हे सगळं गुडघ्याच्या वरचं, जिथे नळी रुंद असते आणि प्रवाह जोरदार. गुडघ्याखाली, बारीक धमनीला जोडताना, कृत्रिम नळीची स्थिती याहून वाईट असते.

हे तीन आकडे आणि वरचा तक्ता शेजारी ठेवून बघा. पायातली शीर 4.4, नाळेतली 3.7, पीटीएफई 1.6, आणि पाच वर्षांनी 73, 53, 39. क्रम तोच. मी विद्यार्थ्यांना हे दाखवतो तेव्हा ते लगेच "म्हणजे लवचिकता हेच कारण" असं लिहून मोकळे होतात. इतकं सोपं नाही. पायातली शीर जिवंत असते. धमनीचा दाब तिच्यावर पडू लागला की तिची भिंत जाड होत जाते आणि ती त्या दाबाला सरावते. कमावलेल्या शिरेत जिवंत काही राहिलेलं नसतं. ती सरावत नाही, फक्त झिजते. नाळेच्या ग्राफ्टची मोठी बदनामी झाली ती याच पायी. वर्षं जातील तशी काही ग्राफ्टांची भिंत जागोजागी पातळ होऊन फुगवटे आले, म्हणजे अ‍ॅन्युरिझम. जाळी असूनही आले. आज नाळेचा ग्राफ्ट शस्त्रक्रियेत क्वचितच दिसतो, त्यात या फुगवट्यांचा वाटा मोठा आहे.

आता फुटण्याचा दाब. 2005 मध्ये मॅकफेट्रिज या संशोधकांच्या गटाने नाळेतली न कमावलेली शीर मोजली तेव्हा ती साधारण 1000 मिमी पाऱ्यापर्यंत टिकली. पायातली सॅफेनस शीर सरासरी 1600 च्या आसपास आणि छातीतली मॅमरी धमनी 3200 च्या आसपास, असं 2009 च्या एका मापनात आढळलं. हे आकडे डोळ्यांसमोर यावेत म्हणून पाण्यात मोजू. 1000 मिमी पारा म्हणजे 13.6 मीटर पाण्याचा स्तंभ. अंगणातला उंच माड, त्याच्या शेंड्याला पाण्याचं पिंप बांधलं आणि तिथून पाइप खाली आणला तर खाली जो दाब पडेल तेवढा नाळेतली शीर सोसते. माणसाचा 120 चा दाब याच मापात दीड-पावणेदोन मीटर, म्हणजे पुरुषभर. माड आणि माणूस यांच्यात जेवढं अंतर आहे तेवढी उसंत या शिरेपाशी आहे. 1000 विरुद्ध 1600 या फरकाने निर्णय फिरू नये असं मी म्हणतो ते यासाठी. एकदाच वाढवत नेलेला दाब सोसणं वेगळं आणि रोजचे लाख ठोके सोसणं वेगळं. फुगवटा आलेली कमावलेली शीर पहिल्या दिवशी फुटण्याच्या चाचणीत सहज पास झाली असती.

गर्भात तर या शिरेला असला दाब माहीतच नसतो. वारेतून बाळाकडे प्राणवायूने भरलेलं रक्त नेणं हे तिचं काम, आणि तेही अगदी कमी दाबावर. अशी शीर धमनीच्या जागी टिकते, याचं मला पहिल्यापासून नवल वाटत आलं आहे. कारण तिच्या भोवताली आहे. नाळेत दोन धमन्या, एक शीर आणि त्यांना धरून ठेवणारी व्हार्टन जेली असते. ती हायल्युरॉनिक आम्ल आणि कोलॅजेनच्या जाळ्याने भरलेली, ओल्या खोबऱ्याच्या मलईसारखी हाताला निसरडी. बाळ फिरलं, नाळ पिळली, दाबली गेली तरी आतला प्रवाह बंद पडू नये अशी ती बेगमी आहे. शिरेची स्वतःची भिंत, त्यातला इलॅस्टिनचा, म्हणजे रबरासारख्या ताणणाऱ्या प्रथिनाचा, थर आणि भोवतीच्या जेलीतले कोलॅजेनचे धागे मिळून ताण घेतात. सुरुवातीला ताण दिला की शीर सहज लांबते, कारण तेव्हा इलॅस्टिन काम करत असतं आणि कोलॅजेनचे धागे अजून सैल, नागमोडी असतात. ते सरळ झाले की ताण आणि लांबी यांचा आलेख एकदम उभा चढतो. धमनीचाही आलेख असाच असतो. पीटीएफईचा नसतो.

इथेच प्रकल्पात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडा थांबतो. भिंतीतला ताण काढायचं सूत्र तुम्हाला पाठ असेल: दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. त्रिज्या 3 मिमी, जाडी 0.75 मिमी, दाब 120 मिमी पारा म्हणजे 16 किलोपास्कल. ताण आला 64 किलोपास्कल. आता जेली नीट न काढता जाडी 1.5 मिमी मोजलीत तर तीच शीर, तोच दाब, आणि ताण निम्मा. शिरेत काही बदललं नाही, मोजपट्टी कुठे ठेवली ते बदललं. भिंत कुठे संपते आणि जेली कुठे सुरू होते याची रेघ नाळेत आखलेली नसते. दोन गटांचे आकडे जुळत नाहीत त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. मॅकफेट्रिज यांच्या गटाने यावर छान तोडगा काढला. नाळ एका दांड्यावर चढवून उणे 80 अंशाला गोठवायची आणि लेथवर फिरवून बाहेरचा भाग कातायचा, म्हणजे सगळीकडे एकसारखी 0.75 मिमीची भिंत उरते. मेकॅनिकलच्या मुलांना हे ऐकून हुरूप येतो. नाळ लेथवर कातता येते हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

हे करायला उणे 80 चा फ्रीजर हवा आणि आपल्याकडे पावसात लाइट जाते. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, आणि 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूण शहर पाण्याखाली गेलं. वर्षभर जमवलेले नमुने एका रात्रीत वितळले तर पुन्हा उभं राहणं कठीण. वितळून पुन्हा गोठलेली ऊती तर मोजमापाला निरुपयोगी, कारण बर्फाचे स्फटिक धाग्यांची मांडणी मोडतात. त्यामुळे कोकणात काम करणार असाल तर माझा आग्रह ताज्या नाळेवरच आहे. नाळ मिठाच्या पाण्यात, म्हणजे सलाइनमध्ये बुडवून 4 अंशाला ठेवा आणि 24 तासांत चाचणी उरका. ने-आण करायला बंदरावर मासे भरतात ती थर्माकोलची पेटी उत्तम, फक्त डबा बर्फाला थेट टेकू देऊ नका, नाहीतर कडेचा भाग गोठतो.

पायातल्या सॅफेनस शिरेबद्दल एका वाक्यात सांगायचं तर पायाच्या बायपाससाठी रुग्णाला तिच्याइतकं चांगलं आजही काही नाही. 1948 मध्ये पॅरिसमध्ये कुनलिन यांनी ती उलटी करून पायाची पहिली बायपास केली. 1967 मध्ये फावालोरो यांनी तिचाच हृदयासाठी वापर सुरू केला. तेव्हापासून "पायातली नस काढून हृदयाला लावली" हे आपल्या बोलण्यात रुळलं. उलटी करावी लागते कारण तिच्यात झडपा असतात. नाळेतल्या शिरेत झडपा नसतात, फांद्याही नसतात, त्यामुळे ती कुठल्याही दिशेने जोडता येते आणि कुठेही गाठी बांधाव्या लागत नाहीत. लांबीही साधारण 50 ते 60 सेमी, म्हणजे मांडीपासून गुडघ्याखालपर्यंत पुरेल अशी.

अभ्यासासाठी मात्र सॅफेनस घेऊ नका, असं मी सरळ सांगतो. शस्त्रक्रियेतून उरलेले तुकडे दोन-चार सेमीचे मिळतात. ते आजारी, उतारवयाच्या माणसांचे असतात आणि एका तुकड्याचा दुसऱ्याशी मेळ नसतो. कुणाची भिंत जाड झालेली, कुणाला झडपेपाशी गाठ. पायातून काढताना शीर ताणली जाते, फुगवली जाते, त्यातही तिचे गुण बदलतात. शिवाय असे तुकडे मिळायला हृदय शस्त्रक्रिया होणारं केंद्र जवळ लागतं. आपल्याकडून बरेच रुग्ण त्यासाठी मुंबई, कोल्हापूर नाहीतर गोवा गाठतात. उलट नाळ एका निरोगी तरुण आईची, पूर्ण दिवस भरलेल्या बाळाची, आणि जवळच्या प्रसूती कक्षात रोज उपलब्ध. नमुन्यांची संख्या वाढवता येते, म्हणजे सांख्यिकीला काही अर्थ राहतो. सॅफेनसवरच्या विद्यार्थी प्रकल्पांत पाच नमुन्यांवर निष्कर्ष काढलेले मी पाहिले आहेत आणि ते वाचून वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते.

पीटीएफई आणि डेक्रॉनबद्दल थोडक्यात. त्यांचे आकडे कंपनीच्या कागदांवर असतात, नळ्या एकसारख्या असतात आणि फुटण्याचा प्रश्नच येत नाही. तुमच्या उपकरणाची अचूकता तपासायला त्यांचा तुकडा कामाचा, पण शिकायला त्यांत फार काही नाही. महाधमनीसारख्या मोठ्या नळीच्या जागी डेक्रॉन दशकानुदशकं टिकतं, हे त्याचं श्रेय द्यायलाच हवं. अडचण येते ती 6 मिमीपेक्षा बारीक नळीत, आणि काकांसारखे रुग्ण नेमके तिथेच असतात.

तुलनेसाठी एक चौथी नळीही सुचवतो, तिच्याकडे कुणी बघत नाही. ती म्हणजे बकऱ्याच्या मानेतली धमनी. ओळखीच्या मटणवाल्याला सकाळी सांगून ठेवलं तर तो ती लांब कापून देतो. खरी धमनी कशी वागते याचा नमुना तुमच्या टेबलावर हवा, नाहीतर नाळेच्या आलेखाकडे बघून तुम्ही कशाशी तुलना करणार? माझ्या विद्यार्थ्यांकडून मी पहिला महिना याच धमनीवर काम करून घेतो. ताणायच्या यंत्राच्या पकडीतून नमुना निसटतो तेव्हा तिच्या जबड्यांत पॉलिश पेपर घालायला ते इथेच शिकतात. पहिल्या दोन-चार खेपांचे आलेख एकावर एक बसत नाहीत, ऊतीला आधी पाच-दहा वेळा ताणून सोडून सरावू द्यावं लागतं, हेही इथेच कळतं. सलाइन 37 अंशाला ठेवायचं, नमुना एक मिनिटही कोरडा पडू द्यायचा नाही. आपल्याकडे मे महिन्यात खोलीचं तापमान 34 असतं म्हणून 37 च्या जवळच आहे, असं म्हणून कुणी टाळाटाळ केली तर मी ऐकत नाही. तीन अंशांपेक्षा पंख्याचा वारा जास्त नुकसान करतो.

टाक्याची पकड ही चाचणी जरूर करा. आयएसओ 7198 या मानकाप्रमाणे टाका कडेपासून 2 मिमीवर घ्यायचा आणि तो भिंत फाडून बाहेर येईपर्यंत ओढायचा. नाळेतल्या शिरेत इथे जेली पुन्हा आडवी येते. जेली राहिली तर टाका तिच्यात रुततो आणि आकडा फसवा येतो. सगळी खरवडली तर भिंतच जखमी होते. त्यामुळे एकाच नाळेचे दोन भाग करून एक जेलीसह, एक जेलीविना असं मापन करा. एवढ्यानेही एक चांगला प्रबंध होईल. आणखी एक गोष्ट: नाळ पिळदार असते, आतली शीरही त्या पिळाबरोबर फिरते. सरळ करून लांबीच्या दिशेने ताणलेली पट्टी आणि घेराच्या दिशेने कापलेली कडी यांचे आलेख वेगळे येणारच. दोन्ही दिशांनी मोजल्याशिवाय शिरेबद्दल काही लिहू नका.

आता रासायनिक प्रक्रियेचा प्रश्न, कारण ती मुलगी फार्मसीच्या मैत्रिणीबरोबर काम करणार आहे. ग्लुटराल्डिहाइडने कमावणं जुनं आणि सोपं, पण त्याने शीर ताठ होते आणि पुढे तिच्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, साठण्याचा धोका असतो. दुसरी वाट पेशी धुऊन काढण्याची. ट्रायटन किंवा एसडीएससारख्या साबणी द्रव्यांनी पेशी जातात आणि कोलॅजेनचा सांगाडा उरतो. रुग्णाच्या पेशींनी पुढे त्यात घर करावं ही अपेक्षा. या वाटेवर जगभर काम चालू आहे. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ह्युमासाइट कंपनीच्या नळीला, हातापायांच्या धमनीच्या दुखापतींसाठी मंजुरी दिली. ती नळी नाळेची नाही, प्रयोगशाळेत मानवी पेशी वाढवून, मग त्या पेशी धुऊन बनवलेली आहे. पण धुतलेला मानवी सांगाडा धमनीच्या जागी चालतो, एवढं त्यावरून दिसतं. मला स्वतःला नाळेच्या बाबतीत हीच वाट आशेची वाटते. ग्लुटराल्डिहाइडचा अभ्यास करू नका असं नाही. धुतलेल्या शिरेशी ताडून बघायला कमावलेल्या शिरेचा एक गट हवाच.

गॅमा किरणांनी निर्जंतुक करायचा विचार असेल तर जपून. मुंबईत टाटा मेमोरिअलच्या टिश्यू बँकेत वारेचा पातळ पडदा अशा रीतीने तयार करून भाजलेल्या जखमांसाठी दिला जातो, तिथे तो उत्तम चालतो. पण पडद्याला दाब सोसायचा नसतो. किरणांनी कोलॅजेनच्या साखळ्या तुटतात, आणि शिरेचं सगळं बळ त्यांच्यातच आहे.

नाळ मिळवण्याबाबत चार गोष्टी, आणि यांत सवलत नाही. महाविद्यालयाच्या किंवा रुग्णालयाच्या नीतिशास्त्र समितीची परवानगी आधी, पहिली नाळ नंतर. मावशी परिचारिका आहे म्हणून डब्यातून नाळ आणून दिली, असं चालणार नाही. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे वार आणि नाळ पिवळ्या पिशवीत जातात, आणि त्या पिशवीतून तुमच्या टेबलावर यायचा रस्ता लेखी असावा लागतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या आईच्या कागदांवर असतात, त्या बघूनच नमुना घ्या आणि तरीही हातमोजे घालाच.

संमती आईची, तीही कळा सुरू होण्याआधी, बाह्यरुग्ण तपासणीला आलेली असताना मागायची. आपल्याकडे अजून बरीच घरं वार मागून घेतात आणि परसात, नाहीतर माडाच्या बुंध्याशी पुरतात. ज्या मातीत नाळ पुरली त्या मातीची ओढ राहते असं मानतात. मुंबईला गेलेला चाकरमानी गणपतीला परत येतो तेव्हा घरातली म्हातारी माणसं हेच बोलतात. कुणी नाही म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारू नका. मागच्या वर्षी एका आजीने माझ्या विद्यार्थ्याला विचारलं की तुम्हाला शीरच हवी असेल तर वार आम्हाला द्याल का. समितीला विचारून तसं करता आलं. नाळ बाळाच्या बाजूने बोटभर सोडून कापली, आम्ही 30 सेमी ठेवली, बाकी वारेसकट घरी गेली. त्या मुलाच्या नोंदवहीत त्या नमुन्यापुढे एवढंच लिहिलं आहे: लांबी 30, पीळ 6, वार परत.

तर तिला माझं उत्तर असं. एका सत्राचाच वेळ असेल तर बकऱ्याची धमनी आणि नाळेतली ताजी शीर, दोन्हींची लवचिकता 80 ते 120 मिमी पाऱ्याच्या दरम्यान मोज, भिंतीची जाडी सूक्ष्मदर्शकाखाली तीन जागी मोज, आणि पीटीएफईचा एक तुकडा शेजारी ठेव. वर्ष हातात असेल तर याहून धाडसाचं काम घे. धुतलेली शीर दाबाच्या ठोक्यांखाली ठेव, दिवसाला लाख या हिशेबाने निदान महिनाभर, आणि दर आठवड्याला तिचा व्यास मोज. वाढत चालला तर फुगवट्याची सुरुवात तुला टेबलावरच दिसेल, कुणाच्या पायात दिसायच्या आधी. त्यासाठी लागणारा पंप आमच्या वर्कशॉपमध्ये बनवता येईल. मोटर आणि कॅम मी देतो, इन्व्हर्टर मात्र पावसाआधी घ्यावा लागेल.